मुराळी आल्याशिवाय

आमच्या भागात कुणाच्या घरी विनाकारण जाता येत नाही. लग्नाची पत्रिका द्यायची असेल, कुणी गेलं म्हणून भेटायला जायचं असेल, पोरगी बघायची असेल, नाहीतर निवडणूक लागलेली असेल, तर दार उघडणाऱ्याला लगेच समजतं आणि चहा चुलीवर चढतो. यातलं काहीच नसताना नवरा-बायको सुट्टीच्या दिवशी फाटकाशी गाडी लावून उतरले, की घरधनी तोंडानं 'या, या' म्हणतो आणि मनात विचार करायला लागतो, की हे आले कशाला. माझा जन्म इथलाच, सासर इथलंच. तरी परदेशी जायचं ठरलं आणि मी आपल्याच गावाचा कायदा विसरले.

नवऱ्याला अभ्यासरजा मिळाली होती. तो बीडच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो, आणि बालाघाटाच्या माळावरची गवतं गोळा करण्यात त्यानं निम्मं आयुष्य घालवलं आहे. ज्या गवताकडे शेळीसुद्धा दुसऱ्यांदा बघत नाही, त्याचं जर्मनीतल्या कुणाला तरी कौतुक वाटलं आणि वर्षभरासाठी बोलावणं आलं. मी शाळेत मराठी शिकवते. मी बिनपगारी रजेचा अर्ज टाकला. मुलगी पुण्याला नोकरीला होती, तिची काळजी नव्हती. बोलावणं एका गणपतीत आलं आणि जायचं होतं पुढच्या गणपतीनंतर. मधलं अख्खं वर्ष हातात होतं.

"सगळ्यांना भेटून येऊ," नवरा म्हणाला. "नोकरीच्या नादात कुणाकडं धड जाणं झालं नाही. जायच्या आधी एकदा प्रत्येकाच्या घरी बसून जेवू."

मला ते फार आवडलं. मी तापट बाई आहे, नातेवाइकांशी माझं पटण्यापेक्षा बिनसतच जास्त. पण वर्षभर दिसणार नाहीत म्हटल्यावर मला अचानक सगळे गोड वाटायला लागले होते.

राहता राहिल्या सासूबाई. आमच्याकडं सुना सासूला आत्याबाई म्हणतात, मीही म्हणते. सत्तरी त्यांनी कधीच ओलांडली होती, गुडघे दुखत होते, आणि सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडंच होत्या. त्यांना तिकडच्या थंडीत नेणं डॉक्टरांनी साफ नाकारलं. वर्षभर त्या माजलगावला थोरल्या दिरांकडं राहणार हे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं होतं असं विचाराल तर सांगता येणार नाही. दीर मोठे, धरणाच्या पाण्यावरचा ऊस, दुमजली घर, आणि माय त्यांचीही तेवढीच. यात विचारायचं काय असतं? आमच्याकडं अशा गोष्टी विचारल्या तर माणूस उलट दुखावतो. 'म्हंजी मी काय न्हाई म्हनलो अस्तो का?' असं वर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून नवऱ्यानं विचारलं नाही, आणि दिरांनीही विषय काढला नाही.

फिरायला त्यांना बरोबर घेणं भागच होतं. दिवसभर एकटं कसं सोडायचं? पहिल्या रविवारी मी नुसतं विचारलं, "येता का हो आत्याबाई?" तर त्या पानाची चंची कनवटीला खोचून माझ्या आधी गाडीत जाऊन बसल्या. मागची डाव्या हाताची खिडकी त्यांची झाली. गाडी चालू झाली की त्या लहान पोरीसारख्या काचेला कपाळ टेकवून बसायच्या, आणि येणाऱ्या प्रत्येक गावाचं नाव सांगून तिथं कोण कुणाला दिलेली आहे ते सांगायच्या. नवरा म्हणायचा, "माय, तुला तहसीलमधी नोकरी द्यायला पायजे व्हती." त्यावर त्या खूश व्हायच्या.

आधी देव केले. तुळजापूर झालं, अंबाजोगाई झाली. मग माणसं सुरू केली आणि पहिला मान अर्थातच माजलगावचा.

दिरांनी जोरदार स्वागत केलं. जाऊबाईंनी पुरण घातलं होतं. पानं वाढून झाली, पहिला घास घ्यायचा, तेवढ्यात त्यांनी साडी घोट्यावर जराशी उचलून गुडघ्याला बांधलेला पट्टा मला दाखवला.

"आपरेशन सांगितलंय," त्या म्हणाल्या. "आता मलाच उठवाय-बसवायला कुनीतरी लागंल बघा."

मी हळहळले. बीडच्या एका हाडाच्या डॉक्टरांचा पत्ताही दिला. जेवणानंतर दिरांनी घर दाखवलं, जे मी वीसेक वेळा पाहिलेलं होतं. जिना किती उभा आहे ते दाखवलं. खालची खोली कारखान्यातल्या एका माणसाला भाड्यानं दिली आहे, हेही सांगितलं. मला वाटलं, हौसेनं दाखवतायत. निघताना जाऊबाईंनी ओटी भरली, दोघी गळ्यात पडून रडलो. सासूबाई गाडीत आधीच जाऊन बसल्या होत्या.

मग दर पंधरा दिवसांनी एखादं घर. नणंद गेवराईकडं असते. तिनं वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी केली आणि बोलता बोलता म्हणाली, "माजी सासूच अजून खमकी हाय बाई. एका घरात दोन म्हाताऱ्या म्हंजी रोज कुस्ती." सगळे हसले, सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. माझ्या स्वतःच्या भावाकडं परळीला गेलो, तर त्यानं मला हाताला धरून परसात नेलं आणि संडास किती लांब आहे ते दाखवलं. "म्हाताऱ्या मानसाचं इथं लई हाल व्हत्यात," तो म्हणाला. आमच्या माहेरी म्हातारं माणूस कुणी उरलेलंच नाही. तरी मी म्हटलं, "बांधून घे की घरात, अनुदान मिळतं." भाऊ माझ्याकडं बघतच राहिला.

असं ते वर्ष चाललं होतं. प्रत्येक घरी ताट, नारळ, डोळ्यांना पदर. मी तर नवऱ्याला म्हणायचे, की माणसं इतकी चांगली आहेत हे कळायला जर्मनीचं तिकीट काढावं लागलं.

एकच घर राहत होतं, ते म्हणजे सासूबाईंचं माहेर.

धारूरच्या घाटाखाली लहानसं गाव आहे. कोरडवाहू जमिनी, शेरडं-मेंढरं, आणि दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर. मागं उरतात ती म्हातारी माणसं. त्या गावात सासूबाई कित्येक वर्षं गेल्या नव्हत्या आणि त्याचं कारण एकच होतं, मुराळी.

हल्लीच्या पोरींना हा शब्द सांगावा लागतो. लेक माहेरी आपल्या पायानं जात नाही. तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं, भाऊ, बाप, नाहीतर भाचा-पुतण्या. तो मुराळी. नागपंचमीच्या आधी त्याची वाट बघायची. सासूबाईंचा भाऊ जिवंत होता तोवर दर वर्षी यायचा. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात फडक्यात बांधलेले धपाटे. माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी ते पाहिलेलं आहे. सासूबाईंची पिशवी आठ दिवस आधीच भरून ठेवलेली असायची. आणि भाऊ दारात आला की ह्या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "आत्ता? आत्ता कशी येऊ? हितं कामं कोन करंल?" भाऊ बिचारा तासभर मनधरणी करायचा. मग ह्या उपकार केल्यासारख्या उठायच्या.

भाऊ गेला. त्याचा मुलगा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ, तेव्हा नुकता घरचा कर्ता झाला होता. तो फोन करायचा. "ये की आत्या. कवाबी ये. तुजंच घर हाय." ह्या म्हणायच्या, "येते की," आणि फोन ठेवायच्या. जायच्या मात्र नाहीत.

"बोलावतो त्यो," त्या मला म्हणायच्या. "न्यायला येत न्हाई."

आम्ही गाडीनं नेतो म्हटलं की चिडायच्या. "लेकाच्या गाडीत बसून माहेरला गेले तर गाव काय म्हनंल? सासरच्यांनी आनून सोडली म्हनंल. सोडलेली बाई आन नेलेली बाई, लई फरक हाय."

मला हा हट्ट वाटायचा. त्या गावात आता अर्ध्या बायका मुराळी म्हणजे काय ते सांगू शकणार नाहीत, असं मी एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय ना, बास झालं."

आषाढात आम्ही त्या गावाला जायचं ठरवलं, तेव्हा वर्षात पहिल्यांदाच त्या गाडीत बसल्या नाहीत. पलंगावर बसून पान लावत म्हणाल्या, "तुमी जाऊन या. मला न्यायला कुनी आलंय का?" शेजारच्या बाईंना त्यांच्याकडं लक्ष ठेवायला सांगून आम्ही दोघंच निघालो.

घाटातली तूर वीतभर आली होती. मामेभावानं आम्हाला पाहिलं, हातातलं दावं टाकलं आणि पळत आला. पण पळत येताना त्यानं गाडीच्या मागच्या काचेतून आत बघितलं, हे मला दिसलं. त्याची बायको गरीब, मितभाषी बाई. तिनं घाईघाईत कोंबडी केली. जेवणं झाली, आम्ही ओट्यावर बसलो. शेरडं समोर बांधलेली, त्यांचा वास सगळीकडं. मामेभाऊ कितीतरी वेळ सुपारी कातरत बसला.

"दादा, येक बोलू का?" तो शेवटी म्हणाला. "राग न्हाई ना मानायचा?"

"बोल बे," नवरा म्हणाला.

"थोरल्या दादाचा फोन आलता. ताईचाबी आलता. म्हनले, तुज्याकडंबी येतील. आत्याला कुठं ठिवायचं ते बघत फिरायलेत."

नवरा समोरच्या शेरडांकडं बघत होता. त्यानं ऐकलं की नाही, मला कळेना.

"मी न्हाई म्हनत न्हाई," मामेभाऊ खाली बघत पुढं बोलत राहिला. "आमच्या गावात निम्मी घरं दर वरसाला म्हातारी मानसं ठिवूनच जात्यात, त्यात काय एवढं. पर माजी दोन्ही पोरं बीडला क्लासला हायत. हितं ही येकटी, वर शेरडं. आत्याचं काय कमीजास्त झालं तर बोल आमालाच लागंल. जलमभर लागंल."

माझं डोकं फिरलं. "आम्ही जेवायला आलोय भाऊजी," मी म्हणाले. "निरोप घ्यायला आलोय. कुणाच्या दारात म्हातारी टाकायला नाही."

"तसं न्हवं वहिनी."

"मग कसं?"

"तसं न्हवं," एवढंच तो पुन्हा म्हणाला. दाराआड उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला काय करावं कळेना. ती आत गेली आणि हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली. तिच्या हातून तांदूळ जोत्यावर सांडले. मी ओटी घेतली आणि तिच्याशी एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसले. त्या बाईचा काही दोष नव्हता, पण मला त्या वेळी कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं.

आम्ही घाट चढलो. वर आल्यावर एकेक घर माझ्या डोळ्यांपुढं उभं राहायला लागलं. गुडघ्याचा पट्टा. उभा जिना. भाड्यानं दिलेली खोली. दोन म्हाताऱ्यांची कुस्ती. परसातला संडास. मी नवऱ्याला एकेक करून सांगत गेले. वर्षभर प्रत्येकानं आम्हाला जेवायला घातलं होतं, आणि आम्ही विचारायच्या आधीच नाही म्हणून टाकलं होतं.

"दादानं पण?" नवऱ्यानं विचारलं.

"सगळ्यांत आधी त्यांनीच."

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पुढं धारूरचा किल्ला दिसत होता. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला आणि म्हणाला, "मग माय कुठं राहणार?" हा प्रश्न त्या वर्षात आमच्यापैकी कुणी पहिल्यांदाच मोठ्यानं विचारला होता.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई पलंगावर तशाच बसलेल्या होत्या. शेजारच्या बाईंनी चहा करून दिला होता, तो कप बाजूला. आम्ही चपला काढतोय तोवर त्यांनी विचारलं, "काय म्हनला पोरगा? ठिवून घेतो का मला?"

नवरा चौकटीतच थांबला. "तुला कुनी सांगितलं माय?"

"सांगाया कशाला लागतंय? माजलगावला सुनंनं गुडघा दावला तवाच कळलं मला." त्या हसत होत्या, निदान तोंड तरी हसरं होतं. "बाजारात गाय फिरवत्यात तशी वरसभर फिरवली तुमी मला. दात बघायचे तेवढे ऱ्हायले."

नवरा खाली फरशीवरच बसला. माझा नवरा सहसा रडत नाही. तो लहान पोरासारखा रडायला लागला आणि रडता रडता आईवरच ओरडला, "मग बोलली कावून न्हाईस? आमाला म्हाईत न्हवतं. देवाशप्पत म्हाईत न्हवतं. तुला कळत व्हतं तर दर बारीला गाडीत येऊन कावून बसत व्हतीस?"

"तुमच्यासंगं फिरायला मिळत व्हतं म्हनून," सासूबाई म्हणाल्या.

मी आत जाऊन भाताचा कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं माजलगावला फोन लावला. भांडण झालं. "विचारलंस का कवा मला?" दीर म्हणत होते. "मी न्हाई म्हनलो का कवा?" नवरा म्हणत होता, "'व्हय' तरी कवा म्हनलास?" दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून भांडण मिटायला काही जागाच नव्हती. शेवटी दीर म्हणाले, "आन की मग. आनून सोड हितं." फोन मोठ्या आवाजावर होता. सासूबाईंनी ऐकलं आणि मान हलवली. "लेकाचं घर हाय, जाईन बी मी," त्या म्हणाल्या. "पर सोडून घेनार न्हाई मी कुठं."

नवऱ्यानं जाणं रद्द करायचं ठरवलं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी 'बरं' म्हणाले. पण मला काय वाटलं ते सांगते. मला जायचं होतं. बीड, धारूर, माजलगाव, परळी यांच्या पलीकडं माझं आयुष्य कधी गेलेलं नव्हतं, आणि एक वर्ष ते जावं असं मला मनापासून वाटत होतं. हे वाटणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्या दिवसांत मी भांडी जोरात आपटत होते एवढंच.

सासूबाईंनी ते ऐकलं असणार. त्यांनी मुलाला समोर बसवलं. "माज्यापायी ऱ्हायलास तर रोज तुजं उतरलेलं तोंड मला बघावं लागंल," त्या म्हणाल्या. "त्यापरीस तू गेलेला बरा." तो म्हणाला, "मग तू कुठं राहतीस ते सांग." त्या म्हणाल्या, "त्ये मला म्हाईत न्हाई." आणि पुन्हा पान लावायला लागल्या. असे बरेच दिवस गेले. घरात तिघंही एकमेकांशी फार जपून वागत होतो, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं.

पंचमी दोन दिवसांवर आली होती. मी शाळेला निघायच्या तयारीत होते, तर फाटकाची कडी वाजली. बाहेर मामेभाऊ उभा. पांढरा सदरा इस्त्रीचा, डोक्याला नवी टोपी, आणि हातात फडक्याचं गाठोडं. एसटीनं आला होता. मला वाटलं, त्या दिवसाची माफी मागायला आला असेल. तो माझ्याशी काही बोललाच नाही. सरळ आत गेला, सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आत्या, पंचमी आली. तुला न्यायला आलोय."

सासूबाईंच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"कुनी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं. आवाज कडक होता. "ह्यांनी फोन केला का?"

"कुनी न्हाई." तो खालीच बसला होता. "त्या दिशी ही दोगं गेल्यावर बायकू म्हनली, ठिवायचं अस्तं तर त्यांनी आत्याला गाडीत घालून आनलं नस्तं का? मी म्हनलं, खरंच की. मग आनलं कावून न्हाई? तर ती म्हनली, तुमी न्यायला गेलाव का कवा?" त्यानं टोपी सारखी केली. "बाबा दर वरसाला यायचे. मी फोन करत ऱ्हायलो. माज्या ध्यानातच न्हाई आलं."

सासूबाईंनी त्याच्या टोपीकडं बघितलं. मग त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"आत्ता कशी येऊ?" त्या म्हणाल्या. "हितं कामं कोन करंल?"

मला स्वयंपाकघरात पळावं लागलं. मामेभावाला बिचाऱ्याला पुढचा डाव माहीत नव्हता. तो गोंधळून म्हणाला, "मंग उंद्या येऊ का?" नवऱ्यानं त्याला मागून ढोसलं. "मनव बे तिला," तो हळूच म्हणाला. मग त्यानं मनवलं. चांगलं तासभर मनवलं. मी शाळेत फोन करून सुट्टी टाकली आणि चहावर चहा करत राहिले. गाठोड्यात धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती, ते सगळ्यांनी खाल्लं.

"किती दिसासाठी न्यायलास?" सासूबाईंनी शेवटी विचारलं.

"तुला वाटंल तेवढे. म्हनशीला तर ही दोगं माघारी येईपत्तुर. मुराळी म्हनून आलोय, सोडायलाबी मीच येनार."

त्या उठल्या. मी त्यांची पिशवी भरायला घेतली. गोळ्या, गुडघ्याचं तेल, स्वेटर, दोन चांगली लुगडी. मी आपली हिशेबानं भरत होते, की पंचमी करून येतील, गणपतीनंतर आम्ही निघालो की पुन्हा जातील. त्या म्हणाल्या, "समदीच भर. वाकळबी घाल."

"समदी कशाला माय?" नवरा म्हणाला. "आमाला जायला अजून महिना-दीड महिना हाय. पंचमी करून ये. आमी निघताना तू नको का हितं? वरसभर समद्यांच्या घरी निरोप घेतला, आन तुजाच नको का?"

"न्हाई येनार मी."

"माय, असं काय करतीस?"

सासूबाई दारापर्यंत आल्या होत्या. मामेभाऊ पिशवी घेऊन रिक्षा बघायला गेला होता. नवऱ्यानं गाडीची किल्ली हातात घेतलेली पाहून त्यांनी ती काढून घेतली आणि खुंटीला अडकवली. गाडी नको होती. मुराळी नेणार होता.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुजा बाप दवाखान्यात गेला, मी दारात उभी. म्हनला सांजच्याला येतो. पोरगी नांदायला गेली, मी दारात. तू शिकायला गेलास, थोरला येगळा निघाला, मी दारात. नात पुन्याला गेली तवाबी मीच. मानसं लांब जाईपत्तुर बघायची आन मंग माघारी घरात जायचं. त्ये घर खायला उठतंय रे. तुमी जानाऱ्यांना न्हाई कळत." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुमी इमानात बसून जानार. मला न्हाई व्हायचं आता तेवढं. मी आधी जाते. ह्या बारीला तुमी ऱ्हावा दारात."

मी वाकून पाया पडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला. नवऱ्याला त्यांनी पाया पडू दिलं नाही. गालावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि पायऱ्या उतरायला लागल्या. रिक्षा आली होती. मामेभावानं हात दिला. आत बसताना त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि रिक्षावाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "श्टँडावर घे. माजा भाचा न्यायला आलाय."

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली, एक टेम्पो जाऊ दिला, आणि वळली.

आम्ही दारात उभे होतो. आत फोन वाजत होता, तो कुणी घेतला नाही. समोरचे काका पेपर घेऊन बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "आज कुठं निघाल्या आजी?"



"माहेराला गेली," नवरा म्हणाला, आणि दाराची चौकट धरून तिथंच उभा राहिला.